‘पडलात का?’ : वार्धक्यातील एका अपघाताच्या मराठी नोंदीविषयी

वृद्ध माणसांचे पडणे, त्यातून होणाऱ्या इजा आणि त्यांचे परिणाम या विषयावरील शास्त्रीय वाङ्मय गेल्या चार दशकांत विपुल झाले आहे. ते बहुतांशी वैद्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी लिहिलेले असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असे विद्यार्थ्यांना वाटणे साहजिक आहे. प्रयोजन इतकेच की, या वाङ्मयातील बहुतेक आकडेवारी एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे, आणि तो प्रश्न कोणत्या तरी भाषेत विचारावा लागतो. हाड मोडले की नाही हे क्ष-किरणांनी समजते. माणूस पडला की नाही हे मात्र बहुधा त्याच्याच तोंडून समजून घ्यावे लागते. मराठीत हा प्रश्न ‘पडणे’ या क्रियापदावाचून विचारला जात नाही. हे क्रियापद त्या कामाला कितपत पुरे पडते, याची तपासणी येथे करावयाची आहे. (‘पुरे पडते’ हा प्रयोग मुद्दाम टाळला नाही, त्याचे कारण पुढे येईलच.)

आधी आकड्यांकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार पासष्ट वर्षांवरील माणसांपैकी २८ ते ३५ टक्के माणसे दर वर्षी पडतात आणि सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या देशातील सर्वांत विस्तृत पाहणी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केली व तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत पंचेचाळीस वर्षांवरील माणसे व त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० व्यक्तींच्या मुलाखती झाल्या. त्यांपैकी ३१,४६४ व्यक्ती साठ वर्षांवरील होत्या. या सामग्रीवर पुढे जे अभ्यास झाले, त्यांत गेल्या दोन वर्षांत पडल्याचे सांगणाऱ्या वृद्धांचे प्रमाण साधारणतः १२ ते १३ टक्के निघते. म्हणजे मुदत दुप्पट, आणि आकडा निम्म्याहूनही कमी.

आपल्याकडील वृद्ध खरोखरच कमी पडतात काय? तसे असूही शकेल. साठ आणि पासष्ट या वयोमर्यादांतील फरक आहेच. शिवाय जमिनीवर मांडी घालून बसण्याच्या व उकिडवे बसून काम करण्याच्या सवयीमुळे पायांत अधिक बळ राहते, असेही कोणी म्हणेल. स्मृतीचा भाग तर उघडच आहे. १९८८ साली कमिंग्ज, नेव्हिट व किड यांनी ज्यांचे पडणे प्रत्यक्ष नोंदले गेले होते अशाच वृद्धांना नंतर विचारले, तेव्हा विचारलेल्या मुदतीनुसार १३ ते ३२ टक्के लोकांना त्याची आठवण नव्हती. मुदत दोन वर्षांची असेल तर विस्मरण किती होईल, याची कल्पना करता येते. तथापि ही सर्व कारणे मान्य करूनही एक कारण उरते आणि ते अद्याप कोणी गंभीरपणे विचारात घेतल्याचे दिसत नाही. ते कारण भाषिक आहे. सर्व भारतीय भाषांना ते सारखेच लागू पडेल, असा माझा दावा नाही. मराठीपुरते मात्र ते ठामपणे मांडता येईल असे मला वाटते.

‘पडणे’ हे संस्कृत ‘पत्’ धातूपासून प्राकृतातील ‘पड’ या रूपाने मराठीत आले. घराण्याचा हा वारसा मोठा असला, तरी मराठीत त्याच्यावर कामाचा बोजा फार पडला. पाऊस पडतो, ऊन पडते, थंडी पडते, रात्र पडते. माणूस आजारी पडतो, प्रेमात पडतो, पाया पडतो. पैसे कमी पडतात, गाठ पडते, प्रश्न पडतो. यांपैकी एकाही ठिकाणी कोणी जमिनीवर आपटत नाही. हिंदीभाषकाने ही अडचण सोडविली आहे: त्याच्याकडे ‘गिरना’ वेगळे आणि ‘पड़ना’ वेगळे. गुजराती आपल्याच पंक्तीत बसते. म्हणून हिंदीतून मराठीत केलेल्या प्रश्नावलीत ‘गिरना’च्या जागी ‘पडणे’ घातले म्हणजे काम झाले, असे समजणे धोक्याचे आहे. शब्द जागेवर बसतो, पण त्याची कड बोथट झालेली असते.

वृद्धांच्या बोलण्यात तर याहून अवघड प्रसंग येतो. जेवणानंतर ओटीवरील आजोबा म्हणतात, ‘जरा पडतो.’ आजारी बाईविषयी म्हणतात, ‘चार महिने पडून आहे.’ येथे ‘पडणे’ म्हणजे आडवे होणे, निजणे, अंथरुणात असणे. ही दोन ‘पडणी’ व्याकरणाने वेगळी करता येतात. निजण्याच्या अर्थाचे ‘पडणे’ इच्छाधीन आहे. त्याचे आज्ञार्थी रूप होते (‘पडा जरा’), आणि त्याला ‘घेणे’ हे सहायक क्रियापद लागते (‘पडून घेतो’). आपटण्याच्या अर्थाच्या ‘पडणे’ला यांतले काहीच चालत नाही. प्रौढ मराठी भाषक हा भेद संदर्भाने करतो व त्याची क्वचितच फसगत होते, हे खरे. पण दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी पाहणीकर्त्याच्या प्रश्नाला संदर्भ असा नसतोच. प्रश्नावलीतील अगोदरचे प्रश्न आजारपणाविषयीचे असतील, तर ‘गेल्या वर्षात पडलात का?’ याचा अर्थ ‘आजारी पडलात का?’ असा घेतला जाण्याचा संभव बराच आहे.

परंतु अनेकार्थता हा या प्रश्नाचा वरवरचा भाग झाला. त्याहून महत्त्वाचा भाग वाक्यरचनेचा आहे.

मराठीत आपल्या पडण्याची हकिकत सांगणाऱ्या माणसाला स्वतःला कर्ता न बनविता ती पूर्णपणे सांगता येते. ‘माझा पाय घसरला’: येथे कर्ता पाय, आणि माणूस षष्ठीत. ‘माझा तोल गेला’: येथे कर्ता तोल. ‘मला ठेच लागली’, ‘मला चक्कर आली’, ‘मला अंधारी आली’: येथे माणूस चतुर्थीत, म्हणजे अनुभव घेणारा. ‘गुडघ्याने दगा दिला’ असे म्हटले की गुडघा हा सजीव, काहीसा कृतघ्न कर्ता होतो. या सर्व वाक्यांत ‘मी’ प्रथमेत कोठेच नाही. तो प्रथमेत येतो तो एकाच वाक्यात: ‘मी पडलो.’ आणि नेमके तेच वाक्य वयस्क माणूस टाळतो. तरुण माणूस हसत ‘काल मस्त पडलो’ म्हणेल. सत्तरीचा माणूस ‘पाय घसरला होता जरा’ म्हणतो, आणि ‘जरा’ या शब्दावर भर देतो. त्याला ‘पडलात का?’ असे विचारले की ‘छे, पडलो-बिडलो नाही, पाय घसरला’ असे उत्तर येते. पाहणीकर्ता पहिला अर्धा भाग ऐकून ‘नाही’वर खूण करतो.

हे असत्यकथन नव्हे. उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीने ‘पडणे’ ही एक घटना नसून स्थिती आहे. ‘पडू लागला’ म्हणजे म्हातारा झाला, दुसऱ्यावर अवलंबून झाला. ‘आई पडली’ हे वाक्य मुलगा फोनवर बहिणीला सांगतो तेव्हा ते त्या घरातील एका पर्वाची सुरुवात असते. म्हणून ‘पडणे’ प्रायः तृतीय पुरुषात राहते आणि ‘घसरणे’ प्रथम पुरुषात. या पुरुषभेदाकडे व्याकरणकारांचे लक्ष गेले नसले तरी घराघरातील संभाषणात त्याचा प्रत्यय येतो. झेसेव्हिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील वृद्धांच्या, आरोग्यसेवकांच्या व संशोधकांच्या व्याख्या २००६ साली ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांना आढळले की वृद्ध व आरोग्यसेवक पडण्याआधी काय झाले व नंतर काय झाले हे सांगतात, तर संशोधक मधल्या घटनेचेच वर्णन करतात. इंग्रजीत हा भेद अर्थाच्या पातळीवर आहे. मराठीत तो विभक्तीत उतरलेला आहे. आधीचे सांगावयाचे तर षष्ठी-चतुर्थी, मधले सांगावयाचे तर प्रथमा.

हे सर्व ज्या प्रदेशातील बोलणे ध्यानात ठेवून मी लिहीत आहे, तो पेण-रोह्याचा प्रदेश या दृष्टीने फार बोलका आहे. पेण म्हटले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात, फार तर गागोदे आणि विनोबा. परंतु येथे राहणाऱ्याला जून ते सप्टेंबर आठवतो. त्या चार महिन्यांत अंगणातील दगडांवर, विहिरीच्या काठावर व न्हाणीच्या मोरीभोवती शेवाळ धरते. पागोळ्यांखालची जमीन बुळबुळीत होते. खारेपाटातील गावांत जाण्यायेण्याची वाट पुष्कळदा बांधावरची असते आणि तो बांध चिकणमातीचा. घरातही स्थिती बदलली आहे. शेणाने सारवलेली जमीन व नंतरची खरबरीत शहाबादी फरशी जाऊन गुळगुळीत लाद्या आल्या, आणि पावसाळ्यात पाय पुसण्यासाठी दारात गोणपाट टाकण्याची जुनी पद्धत मात्र राहिली. लादीवर गोणपाट सरकते, आणि त्याच्या दुमडलेल्या कडेत अंगठा अडकतो. उंबरठा तर घराची मर्यादाच. तो काढावयास कोणी धजत नाही.

अशा ठिकाणी भाषेत घसरण्याचे शब्द समृद्ध असणार हे ओघानेच आले. निसरडे, निसटणे, घसरणे, सटकणे, रपकन बसणे, अडखळणे, ठेचकाळणे, झोक जाणे, कलंडणे, कोलमडणे: यांतला प्रत्येक शब्द वेगळी यंत्रणा सांगतो. ‘घसरला’ म्हटले की पायाखालची जमीन दोषी. ‘ठेचकाळला’ म्हटले की वाटेतील वस्तू दोषी, किंवा नजर मंद. ‘झोक गेला’ म्हटले की दोष शरीराच्या आत. ‘कोलमडला’ म्हटले की गुडघ्यांतले बळ संपले. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पडण्यासाठी शून्यापासून एकोणीसपर्यंत वीस खाती आहेत. पलंगावरून पडणे वेगळे, जिन्यावरून वेगळे, झाडावरून वेगळे (कोकणाला हे खाते उपयोगी), घसरून-ठेचकाळून एकाच पातळीवर पडणे वेगळे. आणि शेवटचे खाते ‘अनिर्दिष्ट’ पडण्याचे. ‘पडले’ एवढाच शब्द कागदावर आला की नोंद या शेवटच्या खात्यात जाण्यावाचून गत्यंतर नसते. बोलणाऱ्याने जे तपशिलाने सांगितले होते, ते लिहिणाऱ्याने प्रमाण शब्द वापरण्याच्या हौसेने पुसून टाकलेले असते. आगरी बोलीत तर ‘ड’च्या जागी ‘र’ येऊन ‘परला’ असे रूप होते. तेथे परक्या पाहणीकर्त्याला मूळ शब्दच कानाने ओळखावा लागतो. मग ‘निसरल्यावानी झाला’ यातील बारकावा टिपण्याची अपेक्षा कोठून करावी?

शासकीय मराठीने यावर जो उपाय शोधला, तो रोगापेक्षा भयंकर आहे. काही पत्रकांत ‘पतन’ हा शब्द योजलेला दिसतो. मराठीत पतन होते ते चारित्र्याचे किंवा मंत्रिमंडळाचे. न्हाणीघरात पाय घसरलेल्या वृद्धेचे ‘पतन’ झाले असे लिहिणे हा तिच्यावर अन्याय आहे. ‘अपघात’ हा शब्द त्या मानाने बरा. परंतु आज तो शब्द उच्चारताच रस्ता व वाहन डोळ्यांपुढे येते, आणि घरातल्या घरात ‘अपघात’ झाला असे कोणी म्हणत नाही.

व्याख्यांची कथाही पाहण्यासारखी आहे. १९८७ साली केलॉग आंतरराष्ट्रीय कार्यगटाने केलेल्या व्याख्येत हेतूविना जमिनीवर अगर खालच्या पातळीवर येणे हा गाभा होता, आणि जबर धक्का, बेशुद्धी, अचानक झालेला पक्षाघात व अपस्माराचा झटका यांनी आलेले पडणे वगळले होते. पुढे २००५ साली युरोपातील अभ्यासकांच्या गटाने एकमताने जी व्याख्या केली, तीत ही वगळणूक टाकून देऊन ‘अनपेक्षित घटना’ एवढेच ठेवले. त्या गटाने सामान्य माणसाला विचारावयाच्या प्रश्नात घसरणे व ठेचकाळणे यांचा मुद्दाम उल्लेख केला आणि तोल जाऊन जमिनीवर येणे असे स्पष्टीकरणही जोडले. म्हणजे इंग्रजीलासुद्धा एकटे क्रियापद पुरे वाटले नाही. मराठी अनुवादात असे जोडशब्द ‘पडणे’त समाविष्ट आहेत असे समजून गाळण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण मराठीत ते समाविष्ट नाहीत. बोलणाऱ्याच्या मनात ते ‘पडणे’च्या विरोधी आहेत.

‘हेतूविना’ हा अंश मराठीत वेगळा सांगावा लागत नाही. आपटण्याच्या अर्थाच्या ‘पडणे’त तो अंगभूत आहे. त्यामुळे हेतूविषयी शंका असेल तेथे मराठी लेखकाला क्रियापद निवडतानाच पक्ष घ्यावा लागतो. सवाई माधवराव पेशवे ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरच्या मजल्यावरून कारंज्यावर आले आणि दोन दिवसांनी गेले. ते ‘पडले’ असे लिहावे की त्यांनी ‘उडी टाकली’ असे लिहावे, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पेशवे एकवीस वर्षांचे होते, त्यामुळे हे उदाहरण आपल्या विषयाच्या काठावरचे आहे. पण एक क्रियापद निवडले की निर्णय दिला जातो, हे त्यावरून स्पष्ट होते.

आता परिणामांकडे वळू. येथे मराठीतील एका दुसऱ्याच शब्दाची सत्ता चालते: ‘निमित्त’. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे २० ते ३० टक्के वर्षभरात दगावतात, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. त्यांच्याविषयी आपण म्हणतो, ‘पडण्याचे निमित्त झाले आणि गेले.’ न्यायशास्त्रात निमित्तकारण हे खरेखुरे कारण आहे. कुंभारावाचून घट होत नाही. लोकभाषेत मात्र निमित्त म्हणजे सबब. जावयाचे होतेच, पडणे हे एक दार. शोकाच्या प्रसंगी या शब्दाने सांत्वन होते, याविषयी मला शंका नाही. घरातल्या कोणावरही दोष येऊ नये, ही त्यातील सभ्यता आहे. परंतु निमित्ताला कोणी कठडा बसवीत नाही. जे होणारच होते त्याचे दार बंद करून काय उपयोग, असा हा तर्क आहे, आणि तो एका शब्दात सामावलेला असल्यामुळे त्याचा प्रतिवाद होत नाही.

गंमत अशी, की मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची भाषा याच्या नेमकी उलट आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखालील त्या नमुन्यात तात्कालिक कारण प्रथम लिहावयाचे असते, आणि मग ज्याने ही मालिका सुरू केली ते मूळ कारण. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार मृत्यू इजेमुळे झाला असेल, तर ज्या अपघाताने ती इजा झाली त्याची परिस्थिती हेच मूळ कारण. म्हणजे घरच्यांच्या भाषेत जे ‘निमित्त’, तेच नोंदणीशास्त्रात ‘कारण’. आणि घरच्यांच्या भाषेत जे खरे कारण, म्हणजे वय, त्याला नोंदणीशास्त्र कारण मानावयास नाखूष. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे १५ नोव्हेंबर २०२१ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा ते शंभराव्या वर्षात होते. त्या वेळच्या बातम्यांत घरी पाय घसरून पडणे, रुग्णालयात दाखल होणे आणि न्यूमोनिया असे तीन टप्पे आले होते. वाचकांपैकी बहुतेकांनी त्यात चौथा शब्द मनातल्या मनात घातला असेल, आणि तो ‘वय’ हा असेल. शंभराव्या वर्षी तो समजण्यासारखा आहे. पासष्टाव्या वर्षी पडलेल्या बाईच्या बाबतीतही आपण तोच घालतो, हे मात्र तपासण्यासारखे आहे.

साहित्यानेही या बाबतीत फारशी मदत केलेली नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हाताऱ्या शरीराचे अवयवागणिक जे निर्दय वर्णन आहे, तसे शरीराकडे रोखून पाहणे आधुनिक मराठी लेखकाला जमलेले दिसत नाही. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) किंवा दळवींचे ‘संध्याछाया’ घेतले तरी वार्धक्याचे दुःख तेथे नात्यांचे आहे, मुलांचे आहे, एकटेपणाचे आहे. आपल्या रंगभूमीवर म्हातारा माणूस घराबाहेर पडतो. घरात पडत नाही. या नाटकांची थोरवी त्यामुळे कमी होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. पण वार्धक्याविषयी बोलताना जी शब्दकळा सुशिक्षित मराठी माणसाच्या ओठी येते, ती बव्हंशी अशा कृतींतून आलेली आहे, आणि तिच्यात गुडघा, उंबरठा, ओली लादी यांना जागा नाही.

मग प्रश्न कसा विचारावा? माझी सूचना साधी आहे. ‘पडणे’ शेवटी आणावे. प्रथम पावसाळा, न्हाणी, रात्री उठणे, उंबरठा, अंगण अशी स्थळकाळाची नावे घेऊन ‘पाय घसरला का’, ‘ठेच लागली का’, ‘तोल गेला का’, ‘चक्कर आली का’ असे षष्ठी-चतुर्थीतील प्रश्न विचारावेत. होकार आला की ‘मग जमिनीवर बसलात, की सावरलात?’ असे विचारावे. ‘पडता पडता वाचलो’ हे उत्तरही नोंदवावे, कारण सावरलेला तोल हीही तोल जाण्याचीच नोंद आहे. उत्तर देणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा, बोलीतला असेल तर बोलीत, उतरून घ्यावा. त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर दारात उभे राहून करू नये. घरातील दुसऱ्या माणसाला मात्र सरळ ‘आई पडल्या होत्या का?’ असे विचारण्यास हरकत नाही. ते वाक्य त्याच्याच पुरुषातले आहे.

एका प्रश्नाबाबत विशेष काळजी घ्यावी लागेल. १९८१ साली बर्मिंगहॅम येथील वाइल्ड, नायक व आयझॅक्स यांच्या अभ्यासात असे दिसले, की पडल्यानंतर तासभर किंवा अधिक वेळ जमिनीवरच राहावे लागलेल्यांपैकी निम्मे वृद्ध सहा महिन्यांच्या आत मरण पावले. म्हणजे हाड मोडले की नाही याइतकेच, किती वेळ उठता आले नाही हे विचारणे अगत्याचे आहे. मराठीत हे ‘किती वेळ पडून होतात?’ असे विचारले, तर ‘पंधरा दिवस’ असे उत्तर येईल. तो अंथरुणाचा हिशेब असतो, जमिनीचा नव्हे. तेव्हा विचारावयाचे ते असे: ‘उठलात कसे? स्वतः उठलात, की कोणी उठवले? ते माणूस येईपर्यंत किती वेळ गेला?’ मुले मुंबईला अगर पनवेलला नोकरीस, आणि घरात एकटी म्हातारी, अशी घरे पेण तालुक्यात थोडी नाहीत. तेथे या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दूधवाला किंवा शेजारीण कोणत्या वेळी येते यावर ठरते, आणि सांगणारी बाई ते घड्याळाच्या तासांत सांगत नाही, ‘दूध येईस्तोवर’ अशा शब्दांत सांगते. पाहणीकर्त्याने तेही तसेच लिहून घ्यावे व दूध किती वाजता येते, हे मग विचारावे.